टेकडीची वहिवाट

बँकेत असताना कर्जासाठी तारण ठेवलेल्या जमिनींचे कागद तपासण्यात माझी बरीच वर्षे गेली. त्यामुळे कोणी एखाद्या जागेबद्दल ठासून बोलू लागले, की मन आधी सातबारा मागते. इराकमधल्या मोसूल शहरातल्या नबी युनूसच्या दर्ग्याचा इतिहास मी याच खोडीने वाचायला घेतला. कागद कुठेच जुळत नाहीत. तरीही त्या जागेवरचा हक्क मला पक्का वाटतो, तो का, हे सांगायचे आहे.

युनूस म्हणजे बायबलातला योना. तीन दिवस माशाच्या पोटात राहिलेला, एवढेच त्याच्याविषयी बहुतेकांना ठाऊक असते. पण खरी गोष्ट मासा त्याला किनाऱ्यावर टाकतो तिथून सुरू होते. चाळीस दिवसांत तुमचा नाश होणार, असे तो निनवे शहराला बजावतो. राजापासून गुराढोरांपर्यंत सारे गोणपाट पांघरून उपवास धरतात, आणि देवाला दया येते. शहर वाचले म्हणून रुसून बसणारा प्रेषित मला दुसरा माहीत नाही!

तो पुढे कुठे वारला, हे बायबल सांगत नाही. त्याचे मूळ गाव गालीलमधले. तिथे, नाझरेथजवळ, त्याची कबर दाखवतात. हेब्रॉनजवळच्या हलहूल गावातही दाखवतात. आणि तिसरी ही मोसूलची. एका माणसाच्या तीन कबरी! कर्जाचे प्रकरण असते तर मी ते शेरा मारून परत पाठवले असते.

मोसूलसमोर, टायग्रिसच्या पूर्व तीरावर निनवेचे अवशेष आहेत. त्यातल्या दोन मोठ्या टेकड्यांपैकी एकीवर हा दर्गा होता. गंमत अशी, की जुन्या वर्णनांत तिथे कबर नाहीच. दहाव्या शतकात तिला ‘तल्ल तौबा’, म्हणजे पश्चात्तापाची टेकडी, म्हणत आणि तिथे मशीद होती. इब्न जुबैर हा प्रवासी ११८४ साली तिथे गेला. युनूस आपल्या लोकांसह जिथे प्रार्थनेला उभा राहिला ती ही जागा, असे त्याला सांगण्यात आले. याच टेकडीवर ख्रिस्ती लोकांचा योनाच्या नावाचा मठ होता, आणि इ. स. ७०० च्या सुमारास हनानिशो या त्यांच्या धर्मप्रमुखाला तिथे पुरले होते. चौदाव्या शतकात टेकडीवर एक न कुजलेला देह सापडला आणि तो प्रेषिताचाच, असे ठरले. अभ्यासकांच्या मते तो बहुधा या हनानिशोचा असावा. म्हणजे मुसलमान भाविक कित्येक शतके एका ख्रिस्ती धर्मगुरूच्या पायाशी डोके टेकत आले असणार. असा फेरफार कोणत्या तलाठ्याने नोंदवला असता?

आता टेकडीच्या पोटातले. तिथे इसवी सनापूर्वी सातव्या शतकातला अश्शूरचा राजा एसरहद्दन याचा महाल आहे. शेजारची टेकडी एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी खणली आणि तिच्यातली शिल्पे लंडनला गेली. इथे मात्र दर्गा, वस्ती आणि कबरस्तान, त्यामुळे कुदळ लावणे अवघड. लेयर्ड या इंग्रज संशोधकाने मग शक्कल लढवली. टेकडीवरच्या एका घरमालकाला उन्हाळ्यासाठी तळघर हवे होते. लेयर्डने ते खणून देण्याची तयारी दाखवली, अट एकच, आत सापडेल ते आपले. एसरहद्दनच्या नावाच्या विटा त्याला अशा मिळाल्या. १९५४ मध्ये इराकी संशोधकांना तिथे प्रवेशद्वार सापडले आणि इजिप्तचा राजा तहार्का याच्या पुतळ्यांचे अवशेषही. एसरहद्दनने इजिप्त जिंकून आणलेली ती लूट. बाकी महाल दर्ग्याच्या छायेत निवांत राहिला.

२४ जुलै २०१४ रोजी ‘इस्लामिक स्टेट’च्या लोकांनी सुरुंग लावून दर्गा उडवला. कबरीची पूजा म्हणजे पाखंड, हे त्यांचे कारण. मग याच धर्मरक्षकांनी टेकडीखाली बोगदे खोदून पुरातन वस्तू पळवल्या. २०१७ मध्ये शहराचा तो भाग मुक्त झाला तेव्हा बोगद्यांत महालाच्या भिंती आणि एसरहद्दनचा कोरीव लेख सापडला. पुढे जर्मन आणि इराकी संशोधकांनी तिथे रीतसर उत्खनन केले.

‘चला, झाले ते एका परीने बरेच झाले,’ असा सूर मी यावर ऐकला आहे. तो मला मान्य नाही. महाल अडीच हजारांहून अधिक वर्षे थांबला होता, आणखी शंभर वर्षे थांबला असता. जमिनीखाली काय आहे, हा प्रश्न हल्ली आपल्यालाही फार पडतो. जमिनीवर कोण बसले आहे, हे मात्र विचारायचे राहून जाते. कुळाच्या जमिनीच्या वादात कागदाइतकीच वहिवाट पाहावी लागते. या टेकडीची वहिवाट अखंड होती. मठ गेला, मशीद आली, देह बदलला, पण इथे एका शहराने चूक कबूल केली आणि ते वाचले, ही आठवण कोणीच खोडली नाही.

ती आठवण त्या टेकडीपुरती नव्हतीही. ‘योम किप्पुर’च्या दिवशी ज्यू लोक योनाचे पुस्तक वाचतात. आपल्या कोकणातले बेने इस्रायल हा दिवस पांढरे कपडे घालून, दारे लावून, उपवासाने पाळत आले. इराकमधल्या ख्रिस्ती पंथांचा तर ‘निनवेचा उपवास’ नावाचा तीन दिवसांचा उपवासच आहे. २०१४ च्या त्याच जुलैमध्ये मोसूलच्या ख्रिस्ती कुटुंबांना घरदार टाकून पळावे लागले. ईस्टरपूर्वीच्या मोठ्या उपवासाला तीन आठवडे उरले, की हे लोक परमुलखातही ते तीन दिवस पाळतात.