पाटीवर शस्त्राचंही नाव हवं

कर्जत-खालापूरच्या ढाब्या-रिसॉर्टांत ‘बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत’ ही पाटी दिसते. ‘शस्त्र आणू नये’ हीही लावा, अशी आपली मागणी हवी. २०१९ मध्ये एल पासोच्या हत्याकांडानंतर वॉलमार्टने ग्राहकांना विनंती केली, तीही फक्त उघड्या बंदुकीपुरती. परवान्याची लपवलेली चालतेच. आपल्याला असलं अर्धवट नको. शर्टाखालचं पिस्तूल आधी जाणवतं ते ताट वाढणाऱ्या आपल्या पोराला, कातकरी बाईला. ‘परवाना आहे’ म्हणे! (तो कुणाला मिळतो, हे वेगळं सांगायला नको.) गिऱ्हाईक तुटेल म्हणून मालक कचरेल. पण अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या १९९५ च्या नियमांतला नियम ३ वाचा: अत्याचाराची शक्यता असलेल्या भागात सरकार अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्यांचे शस्त्रपरवाने रद्द करू शकतं. तहसीलवर निवेदन देताना हा नियम क्रमांकासह लिहा.