दहाचे नाणे का नाकारता?

आंजर्ले (ता. दापोली) : एसटीचे तिकीट असो की कड्यावरच्या गणपतीसाठी घेतलेला नारळ, सुट्ट्या पैशांवाचून अडतेच. तरीही दहाचे नाणे पुढे केले की ‘हे चालत नाही’ असे उत्तर कोकणातल्या गावागावांत ऐकू येते.

अफवा काय?
नाण्यावर १० रेषा की १५, रुपयाचे चिन्ह आहे की नाही, यावरून खरे-खोटे ठरवले जाते. नाणी वर्षानुवर्षे टिकतात, म्हणून जुनी-नवी रूपे एकत्रच फिरतात. तोवर निघालेली दहाच्या नाण्यांची १४ही रूपे वैध आहेत, असे रिझर्व्ह बँकेने १७ जानेवारी २०१८ रोजीच स्पष्ट केले.

कायदा काय सांगतो?
* रुपया व त्यावरील नाणी : एका व्यवहारात १००० रुपयांपर्यंत वैध.
* ५० पैसे : १० रुपयांपर्यंत वैध.
* २५ पैसे व त्याखालील : ३० जून २०११ पासून बंद.

भुर्दंड कोणाला?
फोनवरून पैसे देणाऱ्याला याची झळ लागत नाही. ज्या आजीकडे साधा फोन आणि कनवटीला चार नाणी आहेत, तिचाच बाजार अडतो. दुकानदारालाही दोष देऊन भागणार नाही. साठलेली नाणी बँकेत घेतली जाणार नसतील, तर तो ती का घेईल? बँकेत नाणी भरण्यावर मर्यादा नाही, सर्व शाखांनी ती स्वीकारावीत असे आदेशही आहेत. ते पाळले गेले, तर अफवा आपोआप विरेल. सुट्ट्यांऐवजी हातावर चॉकलेट ठेवण्याची वेळही येणार नाही.