बहिःस्थ परीक्षक कोणी नेमावा?

पांडेसऱ्याच्या रंगाई-छपाईच्या गिरण्यांत राबणाऱ्या एखाद्या खानदेशी घरातली मुलगी संगीताच्या पदवीला बसली, तर तिचा निकाल बराचसा बहिःस्थ परीक्षकाच्या कानावर ठरतो. लेखी उत्तरपत्रिका फिरून तपासून घेता येते. गायिलेला यमन विरून जातो. शिकविणाऱ्यानेच सगळे गुण देऊ नयेत, म्हणून तर हा बाहेरचा माणूस! गोम आहे ती नेमणुकीत. कोठल्याही विद्यापीठात संगीताचा गोतावळा लहानच. सुचविलेला 'बाहेरचा' आतल्याचा गुरुबंधू निघाला, तर पुढल्या वर्षी परतफेड ठरलेली. मौलाबक्षांनी १८८६ साली बडोद्यात संगीतशाळा काढली आणि दरबारच्या मर्जीतले गाणे वर्गात आले. ते आता स्नेह्यांच्या मर्जीत का जावे? परीक्षक दुसऱ्या घराण्याचा असावा, लागोपाठ तोच नसावा, आणि प्रत्येक गायनाचे ध्वनिमुद्रण निकालानंतरही जपावे. त्यास खर्च तो कितीसा?