विस्मृतीला फाशी कशासाठी?

‘गुन्हा आठवत नाही म्हणे! सारे सोंग आहे, चढवा फासावर.’ मिस्सा आटोपून देवळाच्या पायऱ्या उतरताना असे उद्गार कानी येतात, तेव्हा मन खिन्न होते. काही क्षणांपूर्वी याच मुखांनी ‘हे प्रभो, दया कर’ अशी आळवणी केलेली असते.

अमेरिकेतील अलाबामा राज्यात व्हर्नन मॅडिसन याने १९८५ साली एका पोलीस अधिकाऱ्याचा खून केला. त्याला देहदंड ठोठावण्यात आला. पुढे तुरुंगात २०१५ व २०१६ साली पक्षाघाताचे झटके येऊन त्याला स्मृतिभ्रंश जडला. आपला गुन्हाही त्याला आठवेना. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने निवाडा दिला: केवळ गुन्हा आठवत नाही म्हणून देहदंड टळत नाही, परंतु तो का दिला जात आहे हे ज्याला उमगूच शकत नाही, त्याचा प्राण घेता येणार नाही, मग कारण वेड असो वा स्मृतिभ्रंश. प्रकरण फेरविचारासाठी परत गेले. २०२० साली मॅडिसन तुरुंगातच वारला.

सोंगाची शंका रास्त आहे; म्हणूनच कैद्याच्या शब्दावर विसंबू नये, वैद्यकीय तपासणी व्हावी. मृताच्या कुटुंबाचे दुःखही खरेच. पण येथे तुरुंगाचे दार उघडावे, असे कोण म्हणतो? प्रश्न केवळ फासाचा आहे. १२ एप्रिल २०१९ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही महाराष्ट्रातील एका खटल्यात, शिक्षेनंतर जडलेला तीव्र मानसिक आजार ध्यानी घेऊन फाशी रद्द केली आणि उर्वरित आयुष्यभर कारावास दिला.

विस्मृतीने पाप पुसले जात नाही, हे मी धर्मगुरू म्हणून जाणतो. परंतु बेशुद्ध रुग्णाच्या उशाशी उभे राहून आम्ही त्याच्याकडे पापांचा हिशेब मागत नाही. त्याला तैलाभ्यंग करतो. हिशेब देवाच्या हाती सोपवतो. ज्याला पश्चात्ताप करण्याइतकेही भान उरलेले नाही, त्याला मारून आपण कोणता धडा शिकवणार, आणि कोणाला? २०१८ साली पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षणग्रंथात दुरुस्ती करून देहदंड अस्वीकार्य असल्याचे घोषित केले. ती शिकवण केवळ निष्पापांसाठी नव्हती.

घरातील आजी नातवाचे नाव विसरते, तेव्हा आपण तिला सोंगी म्हणत नाही. तिचा हात धरतो. कैद्याचा हात धरणे कठीण आहे, हे मान्य. निदान त्याच्या गळ्यात दोर अडकवण्याची घाई तरी आपण करू नये.