धरणगावची दुसरी वंशावळ

धरणगावास भिल्ल पलटण उभी करणाऱ्या जेम्स औट्रमचे कूळ शोधू म्हटले, तर एका दुपारीत हाती येते. पिता बेंजामिन डर्बीशायरातील बटर्ली येथे लोखंडाचा कारखाना काढणारा, कालव्यांचा नामांकित स्थापत्यविशारद. तो 1805 साली निवर्तला तेव्हा जेम्स अवघा दोन वर्षांचा होता आणि कारभार इतका विस्कळीत झाला होता की, त्या मानी विधवेला मुलांसह अ‍ॅबर्डीनमध्ये काटकसरीने दिवस काढावे लागले. मातामह जेम्स अँडरसन हा तर शेतीशास्त्राचा व्यासंगी लेखक. जमिनीच्या खंडाची जी उपपत्ती अर्थशास्त्रज्ञ रिकार्डोच्या नावावर प्रसिद्ध आहे, ती त्याने 1777 सालीच मांडली होती. आणि रिकार्डोचे तेच मत प्रमाण मानून प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या जमिनींचा सारा ठरविला, त्या सुमारास अँडरसनचा हा नातू खानदेशात भिल्लांची भरती करीत होता, हा योगायोग मला फार विलक्षण वाटतो.

1819 साली कॅडेट म्हणून मुंबईस उतरलेला हा तरुण 1825 मध्ये मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्या धोरणानुसार खानदेशात आला आणि 1835 पर्यंत येथे राहिला. पुढे लखनौची कीर्ती, बॅरोनेटचा किताब, 1863 साली फ्रान्समधील पो येथे मृत्यू आणि वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेत समाधी. पुत्राकडे किताब गेला, गोल्डस्मिडने द्विखंडात्मक चरित्र लिहिले. हे सर्व छापील आहे, त्यावर अधिक शब्द खर्चण्याचे कारण नाही.

परंतु ज्यांच्या खांद्यांवर ही कीर्ती प्रथम उभी राहिली, त्या शिपायांच्या घराण्यांचे काय? घाटवाटांच्या राखणीबद्दल पिढ्यान्‌पिढ्या हक्क घेणारे नाईक, 1818 नंतर अंमल बदलताच ज्यांना सरकारने बंडखोर ठरविले, ज्यांच्यातील काहींना तनखे देऊन, काहींना फाशी देऊन, तर काहींच्या अंगावर गणवेश चढवून मुलूख शांत करण्यात आला, त्यांचे पितामह कोण, नातवंडे कोठे नांदतात, हे विचारण्याची तसदी चरित्रकारांनी घेतली नाही. देशमुख-कुलकर्ण्यांना निदान वतनाच्या तंट्यासाठी वंशावळ दाखल करावी लागे; ज्याच्यापाशी वतन नाही, त्याचा आजा दफ्तराला नको होता. पुढे 1891 मध्ये ती भिल्ल पलटणही पोलिसात विलीन झाली.

माझे म्हणणे असे की, हे काम आता आपल्या विद्यार्थ्यांनी अंगावर घ्यावे. मुंबईच्या पुराभिलेखागारात खानदेश कलेक्टरीचा पत्रव्यवहार आहे. त्यात आलेले प्रत्येक भिल्ल नाव, मग ते शिपायाचे असो वा कैद्याचे, त्याच्या गावासह उतरून घ्यावे आणि ती यादी घेऊन सातपुड्याच्या पाड्यांवर, तेथील वृद्ध माणसे हयात आहेत तोवर, त्यांच्याच बोलीत चौकशी करावी. आणि त्या नोंदींत स्त्रियांची नावे पहिल्या दिवसापासून लिहावीत, कारण औट्रमच्या आईचे नाव आपल्याला ठाऊक आहे.