२२.४ की २२.७? केमिस्ट्रीच्या ग्रुपवर एकाच प्रश्नाची दोन 'बरोबर' उत्तरं का येतात

अकरावी-बारावी सायन्सचा कुठलाही व्हॉट्सॲप किंवा टेलिग्राम ग्रुप बघा. रात्री अकरानंतर कुणीतरी प्रश्नाचा फोटो टाकतं आणि खाली लिहितं, 'प्लीज कुणीतरी सोडवा.' पाच मिनिटांत चार उत्तरं येतात. त्यातली दोन एकमेकांशी जुळत नाहीत. मग 'आमच्या सरांनी असंच शिकवलंय' सुरू होतं आणि शेवटी ज्या उत्तराला जास्त थम्स-अप, ते वहीत उतरतं.

लातूर-कोट्याच्या क्लासची फी ज्यांना परवडत नाही, त्यांच्यासाठी हे ग्रुप म्हणजे रात्रीची फुकट शिकवणी असते. त्यामुळे त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण तिथली बरीच भांडणं केमिस्ट्रीची नसतातच. ती असतात कुणाच्या हातात कुठलं पुस्तक आहे याची.

एक उदाहरण घेऊ. एसटीपीला, म्हणजे प्रमाण तापमान आणि दाबाला, ११.३५ लिटर कार्बन डायऑक्साइड मिळवायचा असेल तर किती ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटचं पूर्ण विघटन करावं लागेल?

गणित सोपं आहे. एक मोल कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे १०० ग्रॅम, तापवलं की एक मोल वायू मिळतो. एक मोल वायू २२.४ लिटर जागा व्यापतो असं धरणारा विद्यार्थी ११.३५ भागिले २२.४ करतो. त्याचं उत्तर येतं ५०.६७ ग्रॅम. दुसरा २२.७ ने भागतो, त्याचं उत्तर बरोबर ५० ग्रॅम.

चार पर्यायांच्या प्रश्नात हा फरक खपून जाऊ शकतो. पण जेईई मेनच्या न्यूमरिकल प्रश्नात उत्तर जवळच्या पूर्णांकात टाइप करायचं असतं. तिथे एकाचं ५१ होतं, दुसऱ्याचं ५०. बरोबर उत्तराला ४ गुण आणि चुकीला उणे १, म्हणजे दोघांत ५ गुणांचं अंतर.

मग खरं कोण?

दोघंही. फक्त त्यांचा 'एसटीपी' वेगळा आहे. पूर्वी प्रमाण दाब १ ॲटमॉस्फिअर धरला जायचा. त्या दाबाला आणि शून्य अंश सेल्सिअसला एक मोल आदर्श वायू सुमारे २२.४ लिटर जागा घेतो. १९८२ मध्ये आययूपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने प्रमाण दाब १ बार केला. १ ॲटमॉस्फिअर म्हणजे १.०१३२५ बार, म्हणजे नवा दाब किंचित कमी आहे. दाब कमी झाला की वायू पसरतो, म्हणून आकडा २२.७ झाला.

चाळीस वर्षं उलटून गेली तरी २२.४ काही डोक्यातून जात नाही. जुनी गाइडं आणि जुन्या प्रश्नपत्रिकांचे पीडीएफ त्यावरच चालतात. एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात 'द्रव्याच्या अवस्था' या प्रकरणात हा बदल सांगितला होता, दोन्ही आकडे दिले होते. २०२२ मध्ये अभ्यासक्रम कमी करताना ते अख्खं प्रकरणच वगळलं गेलं. म्हणजे ज्या पानावर हे भांडण मिटलं असतं, ते पान आजच्या विद्यार्थ्याच्या पुस्तकात नाही. २०२२ च्या आधी शिकलेल्या ताईच्या पुस्तकात मात्र ते होतं.

जुनं पुस्तक की नवं, हा वाद किती महाग पडू शकतो ते नीट २०२४ मध्ये दिसलं. तो प्रश्न फिजिक्सचा होता, पण दुखणं हेच. 'प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात' अशा आशयाचं एक विधान त्यात होतं. जुन्या एनसीईआरटी पुस्तकाच्या आधारे ते बरोबर ठरत होतं, नव्या पुस्तकानुसार चूक. किरणोत्सारी मूलद्रव्यांचे अणू स्थिर नसतात, त्यामुळे शास्त्र नव्या पुस्तकाच्या बाजूने होतं. परीक्षा घेणाऱ्या एनटीएने मात्र दोन्ही पर्यायांना गुण देऊन टाकले.

प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. कोर्टाने आयआयटी दिल्लीला तीन तज्ज्ञांची समिती नेमायला सांगितलं. समितीने एकच पर्याय बरोबर ठरवला आणि जुन्या पुस्तकानुसार उत्तर दिलेल्या चार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचे प्रत्येकी ५ गुण गेले. पैकीच्या पैकी गुण मिळवणारे ६१ जण होते, त्यातले ४४ या एका प्रश्नामुळे तिथे पोचले होते. सुधारित निकालात उरले १७. त्या ४४ जणांनी जुनं पुस्तक प्रामाणिकपणे वाचलं होतं, यात त्यांचा काय दोष, हा प्रश्न माझ्या मते अजूनही शिल्लक आहे.

आता दुसऱ्या प्रकारचं भांडण बघा, जे व्हायलाच हवं. १० चा घात उणे ८ इतक्या मोलॅरिटीच्या हायड्रोक्लोरिक ॲसिडचा पीएच किती? ग्रुपवर पहिलं उत्तर हमखास येतं, ८. सूत्रात टाकलं की तेच येतं. मग कुणीतरी विचारतं, 'अरे, ॲसिडचा पीएच ७ च्या वर कसा जाईल? पाणी ओतून ओतून ॲसिडचा बेस होतो का?'

इथे गाडी रुळावर येते. ॲसिड इतकं विरळ आहे की पाण्याच्या स्वतःच्या हायड्रोजन आयनांकडे दुर्लक्ष करून चालत नाही. शुद्ध पाण्यात २५ अंशांना ते १० चा घात उणे ७ इतके असतात, म्हणजे ॲसिडने दिलेल्या आयनांच्या दहापट. दोन्हींची सरळ बेरीज केली तर पीएच ६.९६ येतो. पण तिसरा कुणी सांगतो की ॲसिड घातल्यावर पाण्याचं आयनीभवन थोडं दबतं, म्हणून सरळ बेरीज चालणार नाही, वर्गसमीकरण मांडावं लागेल. ते सोडवलं की ६.९८. एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात हे उदाहरण सोडवून दिलंय, पण ८ ते ६.९८ हा प्रवास ज्याने ग्रुपवर वाद घालत केला, तो ते परीक्षेत विसरणार नाही.

टेलिग्रामच्या पोलमध्ये नेमका हाच प्रवास गायब होतो. साध्या पोलमध्ये जास्त मतं ज्याला तेच खरं वाटतं आणि क्विझ पोलमध्ये पोल बनवणाऱ्याने जे 'बरोबर' म्हणून भरलंय त्यालाच हिरवी खूण मिळते. एआय चॅटबॉटला विचारलं तरी पेच तोच. प्रश्नात अट दिली नसेल तर तो कुठली तरी एक अट धरून चालतो आणि उत्तर ठामपणे देतो. त्याने २२.४ धरलं की २२.७, हे आपणच शोधायचं.

त्यामुळे ग्रुपवर नुसता फोटो टाकण्याऐवजी प्रश्न कुठल्या परीक्षेचा, कुठल्या वर्षाचा, तुमच्याकडचं पुस्तक कुठल्या आवृत्तीचं आणि तुम्ही कुठे अडलात, एवढं दोन ओळींत लिहिलं तर अर्धं भांडण आधीच मिटतं. एमएचटी-सीईटीवाल्यांनी तर आणखी जपायला हवं. ती परीक्षा राज्य बोर्डाच्या अभ्यासक्रमावर असते आणि बोर्डाच्या बारावीच्या पुस्तकात सॉलिड स्टेट, पॉलिमर, ग्रीन केमिस्ट्री अजून आहेत. नीटची तयारी करणाऱ्या मित्राचं 'हे सिलॅबसमध्ये नाही रे' त्याच्यापुरतं खरं असतं, तुमच्यापुरतं नाही.

आणि उत्तरतालिकेतच चूक आहे असं ग्रुपचं एकमत झालं तर? जेईई मेन आणि नीटमध्ये एका प्रश्नावर आक्षेप घ्यायला २०० रुपये लागतात, एमएचटी-सीईटीला १,००० रुपये. तिथे 'दोनशे जणांना असंच वाटतं' हा पुरावा चालत नाही. पुस्तकाचं पान लागतं.