वाड्यातली मुलीची खोली

वाईच्या आमच्या वडिलोपार्जित वाड्याची दुरुस्ती आम्ही काढली, तेव्हा बहुतेक निर्णय विनासायास झाले. तुळया कोणत्या बदलायच्या, कौले कुठून आणायची, चौकातली फरशी उचलायची की नाही, यांवर आम्हां दोघांत फारसे मतभेद नव्हते. अडले ते अकरा वर्षांच्या मुलीच्या खोलीपाशी.

जुन्या वाड्यात मुलांची खोली नसे. देवघर, माजघर, कोठीची खोली, बाळंतिणीची खोली अशी कामावरून पडलेली नावे होती. मुले माजघरात आजीच्या कुशीला ओळीने झोपत. बाल्य ही आयुष्याची स्वतंत्र अवस्था मानण्याची दृष्टी इतिहासात घडत आली, असे फिलिप एरिएस यांनी 1960च्या आपल्या ग्रंथात मांडले. त्यावर पुढे पुष्कळ वाद झाला. पण वाड्याच्या नकाशाकडे पाहताना ते म्हणणे आठवल्यावाचून राहत नाही. मराठी ललित गद्याने या माजघराची ऊब भरभरून वर्णिली आहे. आम्हीही ती वर्गात रंगवून शिकवत आलो आहोत.

रिकामी खोली एकच होती, माजघरामागची, परसाच्या बाजूची. एक दार, उंचावर हातभर खिडकी, भिंतीत दोन कोनाडे. ऐंशी ओलांडलेल्या आत्याला आम्ही बेत सांगितला, तेव्हा ती काही वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "त्या खोलीत मी कधी आपणहून गेले नाही." घरातल्या बायका 'बाहेरच्या' असल्या की चार दिवस तिथे बसत. दाराची कडी बाहेरूनच होती.

व्हर्जिनिया वुल्फ यांनी 1929 साली लेखक स्त्रीसाठी पैसा आणि स्वतःची खोली मागितली. तो निबंध आम्ही कितीदा शिकवला असेल! आमच्या वाड्यात मुलीला एकांताची खोली होती, हे मात्र आम्हांला कधी सुचले नव्हते. तो एकांत तिच्या इच्छेचा नव्हता, इतकेच. 'स्मृतिचित्रे'त लक्ष्मीबाई टिळकांनी वडिलांच्या सोवळ्याचा घरादाराला झालेला जाच सांगितला आहे. एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'त प्रभाचे शिक्षण अडवते ती घराण्याची प्रतिष्ठाच. ही पुस्तके एका फळीवर आणि माजघराची ऊब दुसऱ्या फळीवर, अशी सोय आम्ही करून ठेवली होती.

आमच्यापैकी एकाचे मत पडले की ती खोली अडगळीसाठी ठेवावी. शेवटी मुलीलाच विचारले. तिने दोन गोष्टी मागितल्या: बसल्या जागेवरून बाहेरचे दिसेल अशी खिडकी आणि आतून लागणारी कडी.

सजावटकाराने चित्रांचा कागद आणि तुळया झाकणारे खोटे छत सुचवले होते. त्याला आम्ही नकार दिला. विटामातीच्या भिंतींना चुन्याचाच गिलावा दिला, कारण सिमेंट आणि प्लॅस्टिक रंगाखाली ओल कोंडते आणि भिंत आतून खचते. दाराच्या जुन्या तैलरंगाची वेगळी काळजी घ्यावी लागली. घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा घालणारे नियम आपल्याकडे 2016 साली आले. त्याआधीच्या थरांत शिसे असू शकते आणि कोरड्या घासणीची धूळ मुलांच्या मेंदूला घातक असते. म्हणून रंग ओला करून खरवडला आणि ते काम संपेपर्यंत मुलीला तिकडे फिरकू दिले नाही. खिडकीची वरची पट्टी न हलवता खालची भिंत उतरवली आणि उभे गज बसवले. कोनाड्यांत तिची पुस्तके आली.

वारसा जतनाबद्दल आस्था असलेल्या एका स्नेह्यांना खिडकीतला बदल रुचला नाही. मूळ रूप बिघडले, असे ते म्हणाले. आक्षेप गंभीर आहे, पण आम्हांला तो पटत नाही. या वाड्यात वीज आली, नळ आले, संडास घरात आला. तेव्हा मूळ रूपाची आठवण कोणाला झाली नव्हती. नेमकी मुलीच्या उजेडापाशीच ती का व्हावी? जतन करायचे ते लाकूड, चुना, कारागिरी. कोणी कुठे बसायचे याची जुनी व्यवस्था त्यासोबत जपण्याचे कारण नाही.

मात्र ती व्यवस्था पुसूनही टाकू नये. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना संहितेबाहेर ठेवलेले पाठही तळटीपांत आणि परिशिष्टांत नोंदवले. आम्हीही बाहेरची कडी काढली, तिचा कोयंडा दारावर राहू दिला. तो कशाचा, हे मुलीने विचारले आणि आत्याने तिला सांगितले. आम्ही ते कधी सांगितले असते, याची खात्री नाही.

आता संध्याकाळी कधीकधी ते दार आतून बंद असते. आम्ही माजघरात असतो आणि हाक मारण्याचा मोह होतो. वाड्याची दुरुस्ती संपली. ही सवय मोडायला अजून वेळ लागेल.